जुना रायडिंग लॉनमोअर परवडेल अशा दरात कुठे आणि कसा दुरुस्त करून घ्यावा?

रानवारा_ओहायो

नमस्कार मंडळी. मशीनची माहिती: क्राफ्ट्समन एलटी१०००, ४२ इंची डेक (गवत कापणारी ब्लेडं असलेला खालचा भाग), ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं साडेसतरा हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरवालं इंटेक इंजिन, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं) ट्रान्समिशन. साधारण २००४ सालचं. मॉडेल नंबर ९१७ ने सुरू होतो.

तक्रारी तीन. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेतं, अडकतं आणि तिथेच कण्हत राहतं. कधीकधी दोन-तीन वेळा प्रयत्न केल्यावर सुटतं आणि मग छान चालतं. डेक चालू केला की डावीकडून घरघर येते. आणि चढावर जोर कमी पडतो.

जवळच्या दुकानात फोन केला. मशीन नेण्या-आणण्याचे १२० डॉलर, तपासणीचे ९० वेगळे, आणि न बघताच "इंजिन गेलं असेल, बदलावं लागेल" असं ऐकवलं. जागा एकरभर आहे, त्यामुळे ढकलायच्या मोअरने भागणार नाही. एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करावा का? करायचा तर रास्त दरात करून देणारा माणूस शोधायचा कुठे?

पाना_पक्कड

इंजिन अजिबात बदलू नका. अर्धा फेरा घेऊन अडकणं हे या इंटेक इंजिनाचं ठरलेलं दुखणं आहे आणि दहापैकी नऊ वेळा ते व्हॉल्व्हच्या गॅपचं निघतं. पण आधी बाकीच्या शक्यता बाद करा. त्यासाठी मल्टिमीटर आणि स्पार्क प्लगचा पाना एवढंच लागतं.

बॅटरी रात्रभर चार्ज करून सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली आहे. मग दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगून मीटर बॅटरीच्या टोकांवर धरा. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी म्हातारी झाली, नवी यू१ आकाराची घ्या. दहाच्या वर राहिली आणि तरी इंजिन अडकलं, तर बॅटरीला दोष देऊ नका.

दुसरी चाचणी अर्थिंगची. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून किल्ली फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर काळी केबल किंवा तिचा फ्रेमवरचा बोल्ट गंजलाय. पॉलिश पेपरने घासा, स्टार वॉशर घाला, घट्ट करा. खर्च शून्य.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. प्लगची वायर काढून इंजिनाच्या धातूला टेकवून बांधा, प्लग काढा आणि किल्ली फिरवा. इंजिन आता भिंगरीसारखं सहज फिरलं तर स्टार्टर, सोलेनॉइड (स्टार्टरला वीज सोडणारा स्विच), केबल सगळं ठीक आहे आणि अडथळा फक्त कॉम्प्रेशनचा आहे. प्लगच्या भोकातून पेट्रोल उडालं तर मात्र लगेच थांबा, ती वेगळी गोष्ट आहे. म्हणून ही चाचणी उघड्यावरच करायची, गॅरेजमध्ये वॉटर हीटरची ज्योत पेटलेली असताना नाही.

चिकू८८

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे पण हेच मशीन, आवाजही हाच.

दादा_डेट्रॉइट

पाना यांच्या चाचण्या बरोबर आहेत, पण हिशोबाबद्दल माझं मत वेगळं आहे. वीस वर्षांचं मशीन, तीन तक्रारी, आणि दुकानाचा मजुरीचा दर तासाला शंभर डॉलरच्या आसपास. नेणं-आणणं, तपासणी आणि तीन तासांची मजुरी धरली की मशीनच्या किमतीएवढं बिल झालं. फेसबुक मार्केटप्लेसवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चालू स्थितीतले याच वर्गातले मोअर पाच-सहाशेत मिळतात. सगळं दुकानावर सोपवणार असाल तर दुरुस्ती परवडणार नाही, हे आधी स्पष्ट असावं.

पाना_पक्कड

@दादा, पूर्ण दुकानावर सोपवलं तर तुमचं खरं आहे. पण पाचशेत घेतलेल्या दुसऱ्या जुन्या मशीनचाही व्हॉल्व्ह गॅप वाढलेला असणार, स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा) झिजलेले असणार. आपल्या मशीनची दुखणी निदान माहीत तरी असतात. शिवाय रानवारांचं इंजिन एकदा सुटलं की "छान चालतं" म्हणताहेत. धुराची किंवा तेल पिण्याची तक्रारही नाही. असं इंजिन टाकून देणं पटत नाही.

घिसाडी

व्हॉल्व्हचं का होतं ते सांगतो, म्हणजे दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडेल.

या इंजिनात स्टार्टर छोटा आणि सिलिंडर मोठा. पूर्ण कॉम्प्रेशनविरुद्ध फिरवायची त्याची ताकद नाही. म्हणून कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक छोटी यंत्रणा असते, जी सुरू करतानाच्या मंद वेगात कॉम्प्रेशनच्या वेळी व्हॉल्व्ह अगदी किंचित उचलून थोडा दाब सोडून देते. वेग वाढला की ती आपोआप बाजूला होते. ही उचल कागदाच्या काही पदरांएवढीच असते. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) आणि व्हॉल्व्हमधला गॅप झिजून वाढला की ती सगळी उचल गॅपमध्येच जिरते, व्हॉल्व्ह हलतच नाही, दाब सुटत नाही आणि स्टार्टर अडकतो. लोक बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात, दोन-तीनशे डॉलर घालवतात आणि दुखणं तिथल्या तिथे.

कृती अशी. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा. पुढच्या बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर चार बोल्टवर असतं, ते काढा. वरची जाळी हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि दोन्ही रॉकर सैल लागले पाहिजेत. आता प्लगच्या भोकात पातळ लाकडी काडी धरून पिस्टन पाव इंच खाली जाईपर्यंत त्याच दिशेने फिरवा. हे पाव इंच विसरायचं नाही. नाहीतर ती उचलणारी यंत्रणा मध्येच असते आणि माप चुकतं.

मग फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. कार्ब्युरेटरच्या बाजूचा इनटेक (हवा-पेट्रोल आत घेणारा) व्हॉल्व्ह: ०.००३ ते ०.००५ इंच. सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह: ०.००५ ते ०.००७ इंच. मी ०.००४ आणि ०.००६ ला बसवतो. रॉकरच्या नटाच्या मध्यभागी टॉर्क्स स्क्रू असतो, तो आधी सैल करायचा, नट फिरवून गेज किंचित अडखळत सरकेल इतपत आणायचा, नट धरून ठेवून स्क्रू आवळायचा. आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना माप हलतं. मग इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा त्याच जागी आणा आणि तिसऱ्यांदा मोजा.

फीलर गेज दहा डॉलरच्या आत मिळतो, कव्हरचं गॅस्केटही. हातात पाना धरायची सवय असेल तर तासाभराचं काम.

शंकासुर

गॅप बरोबर असूनही अडकलं तर?

घिसाडी

तर कॅमवरची ती यंत्रणाच तुटली असेल. कव्हर काढलेलंच आहे, तेव्हा इंजिन हाताने हळू फिरवत व्हॉल्व्हकडे टक लावून बघा. कॉम्प्रेशनच्या वेळी एका व्हॉल्व्हने छोटीशी उडी मारली पाहिजे. ती दिसलीच नाही तर नवा कॅम लागणार आणि त्यासाठी इंजिन काढून खालचं सम्प (तेलाचं झाकण) उघडावं लागतं. ते मात्र दुकानाचं काम.

याच कारणाने या इंजिनाची साधी कॉम्प्रेशन टेस्ट फसवी असते. दाब मुद्दाम सोडलेला असतो, त्यामुळे आकडा कमीच येतो आणि "पिस्टनच्या रिंग गेल्या" असं निदान निघतं. कुणी तेवढ्यावर इंजिन बाद ठरवत असेल तर लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) केली का, हे विचारा.

अवनी_एनजे

शोधायचं कुठे, या प्रश्नाकडे वळते.

१. मोठ्या ब्रँडच्या डीलरकडे जुनं मशीन शेवटचा पर्याय म्हणून न्या. त्यांना नवी मशीन विकायची असतात आणि एप्रिल-मेमध्ये महिनाभराची रांग असते. काहीजण दहा-पंधरा वर्षांपुढचं मशीन घेतच नाहीत.

२. घरी येऊन काम करणारे मोबाइल मेकॅनिक. क्रेगलिस्ट, नेक्स्टडोअर, मार्केटप्लेसवर "स्मॉल इंजिन" असं शोधा. नेण्या-आणण्याचा खर्च वाचतो, तोच तर तुमच्या बिलात निम्म्याहून जास्त आहे.

३. ओहायोत करिअर सेंटरं (व्यवसाय शिक्षणाच्या शाळा) आहेत, तिथे पॉवर इक्विपमेंट शिकवणारे वर्ग असतील तर शिक्षकांना ईमेल करा. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी अशी मशीन घेतात, बहुतेक ठिकाणी सुट्या भागांचेच पैसे लागतात. वेळ मात्र लागतो आणि मशीन शाळेच्या सत्रातच घेतात.

४. हार्डवेअरच्या जुन्या दुकानांत, शेतीसामानाच्या दुकानांत काउंटरवर विचारा. ब्लेडला धार कोण लावतं, एवढं विचारलं की नाव निघतं.

फोनवर तीनच प्रश्न विचारा. तपासणीचे पैसे दुरुस्तीच्या बिलात वळते करता का? मी आणलेले सुटे भाग लावाल का? ठरलेल्या रकमेपुढे जायच्या आधी फोन कराल का? तिसऱ्याला जो आढेवेढे घेईल तिथे मशीन टाकू नका.

आणि फक्त डेक नादुरुस्त असेल तर फक्त डेक न्या. खिळी आणि क्लिपा काढल्या की तो बाजूने सरकून बाहेर येतो, गाडीच्या डिकीत मावतो. आख्खं मशीन ट्रेलरवर चढवायची गरज नाही.

कोल्हापुरी_मिस्त्री

कोल्हापुरातून वाचतोय. आमच्याकडे हे काम पॉवर टिलरवाल्याकडे जातं, पण इंजिनाचा न्याय तोच. घिसाडी सायबांनी व्हॉल्व्हचं बरोबर सांगितलंय. एक सुचवतो: पट्टा बदलायची वेळ आली तर साधा गिरणीचा किंवा गाडीचा व्ही-पट्टा घालू नका. रुंदी अर्धा इंच, लांबीही जुळेल, पण लॉनमोअरच्या पट्ट्याची पाठही पुलीवर घासते आणि त्याला क्लच सोडताना-धरताना झटके बसतात. आत केव्हलारचा दोरा असलेलाच घ्या. साधा पट्टा ताणतो, तापतो आणि फाटतो.

कावेरी_टेक्सास

डावीकडच्या घरघरीचं. इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात जाड मोजे, आणि मगच डेकखाली हात. ब्लेड टोकाला धरून वर-खाली हलवा. खडखड हललं तर स्पिंडलचं बेअरिंग गेलं. पट्टा काढून पुली हाताने फिरवा. वाळू भरल्यासारखी खरखर आली तरी तेच. दोन्ही स्पिंडल आणि आयडलर (पट्टा ताणून धरणाऱ्या) पुल्या तपासा. पुष्कळदा स्पिंडल ठणठणीत असतो आणि छोटीशी आयडलर ओरडत असते.

या ४२ इंची डेकचा पूर्ण स्पिंडल १३०७९४ नंबरचा आणि डेकचा पट्टा १४४९५९, अर्धा इंच रुंद, साडेपंचाण्णव इंच लांब. ब्लेडचं मधलं भोक पाच टोकांच्या चांदणीसारखं असतं; गोल भोकाचं ब्लेड बसत नाही. तरी ऑर्डर करण्यापूर्वी सीटखालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून आकृतीवर पडताळा. ९१७ म्हणजे नंतर हस्कवार्नाकडे गेलेल्या कारखान्याचं मशीन, २४७ म्हणजे एमटीडीचं. दोन्हींवर क्राफ्ट्समनच लिहिलेलं असतं, पण भाग एकमेकांना लागत नाहीत.

चिकू८८

क्राफ्ट्समन विकणारी सीअर्स बुडाली, मग भाग मिळतात का अजून? आणि ब्रिग्जनेही दिवाळखोरी जाहीर केली होती ना?

कावेरी_टेक्सास

मिळतात. सीअर्सने दिवाळखोरी २०१८ मध्ये जाहीर केली, पण क्राफ्ट्समन हे नाव त्याआधीच २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने घेतलं होतं. ब्रिग्जची दिवाळखोरी २०२० ची, कंपनी विकली गेली आणि इंजिनं बनतच राहिली. शिवाय स्टेन्स, ओरेगन, रोटरी यांचे पर्यायी भाग आहेत. स्पिंडल आणि ब्लेड पर्यायी चालतात. पट्टा मात्र शक्यतो मूळ कंपनीचा, वर मिस्त्रींनी सांगितलंय त्याच कारणाने.

हिरवळ

चढावर जोर कमी पडणं. ट्रान्समिशन गेलं असं लगेच मानू नका, आधी चालनाचा पट्टा (इंजिनाचा जोर ट्रान्समिशनला देणारा) बघा. बाजूने चकचकीत, काचेसारखा झाला असेल किंवा पुलीत खाली बसत असेल तर तो घसरतोय. मग ट्रान्समिशनवरचा प्लास्टिकचा पंखा. गवताचा थर बसला किंवा पाती तुटली की तेल तापतं, पातळ होतं आणि जोर जातो. पहिली दहा-पंधरा मिनिटं ठीक आणि मग कमजोर, अशी खूण असेल तर बहुधा उष्णतेचाच प्रश्न.

त्यानंतर हवा काढा. मागची चाकं जॅक स्टँडवर उचलून, पुढची अडवून, फ्रीव्हील दांडा (चाकं ट्रान्समिशनपासून मोकळी करणारा) ओढलेला ठेवायचा. इंजिन सुरू करून पुढे-मागे पाच-सहा वेळा सावकाश चालवायचं. मग दांडा आत टाकून पुन्हा तेच. हे करूनही चढ चढत नसेल तर आतला पंप झिजलाय, आणि तो दुरुस्त करण्यापेक्षा मोडीतल्या मशीनचं चांगलं ट्रान्समिशन शोधणं स्वस्त. इंजिन गेलेली मशीन लोक शंभर-दीडशेत देऊन टाकतात. त्यात ट्रान्समिशन, डेक, पुढची चाकं सगळं मिळतं.

शंकासुर

थोडं अवांतर. रोबो मोअर घेतला तर ही सगळी कटकटच नाही ना? गवत वाढतंय तसा धागाही वाढतोय :)

दादा_डेट्रॉइट

एकराला पुरेल असा रोबो आणि त्याचं बसवणं, त्या पैशात रानवारांचं मशीन कितीतरी वेळा दुरुस्त होईल. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पेट्रोलबद्दल मात्र इथेच लिहितो. गॅस स्टेशनवरचं ई१० (दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) महिन्याभरात शिळं होऊ लागतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी हिरवट साका बसतो. ई१५ (पंधरा टक्क्यांचं) तर या इंजिनात घालायचंच नाही. हिवाळ्याआधी स्टॅबिलायझर टाकून तीन-चार मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं. नुसतं टाकीत ओतून उपयोग नाही. आणि टाकी ते कार्ब्युरेटर या नळीत दहा डॉलरचा शटऑफ कॉक बसवा. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई घाणीने उघडी राहिली तर टाकीतलं पेट्रोल रात्रभर सिलिंडरमधून तेलात उतरतं. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरूच करू नका. पातळ झालेल्या तेलावर चालवलं तर कनेक्टिंग रॉडच जातो, आणि मग खरंच इंजिन बदलावं लागतं.

रानवारा_ओहायो

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमापं देतो. बॅटरी १२.७, किल्ली फिरवून इंजिन अडकलेलं असताना १०.४. अर्थिंग ०.२. प्लग काढल्यावर भिंगरी. पेट्रोल उडालं नाही, तेलाला वास नाही. व्हॉल्व्ह कव्हर काढलं: इनटेक ०.०११, एक्झॉस्ट ०.०१३. डावा स्पिंडल खडखडतो, उजवा ठीक. चालनाचा पट्टा दोन्ही बाजूंनी चकचकीत आहे. गॅप बसवायचं काम मी करेन, स्पिंडलचं धाडस होत नाही.

घिसाडी

इनटेक दुपटीहून जास्त, एक्झॉस्ट जवळपास दुप्पट. मिळालं कारण. बसवा आणि किल्ली फिरवा.

पंचवीस तास चालवल्यावर पुन्हा एकदा मोजा. गॅप तेवढ्यात परत वाढला असेल तर रॉकरचा स्टड सैल होतोय किंवा पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) वाकलाय. पुशरॉड काढलेच तर कुठला कुठून काढला याची खूण ठेवा, अदलाबदल नको. आणि कव्हरच्या आत तेल प्रमाणाबाहेर साचलेलं किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत आलेलं दिसलं तर हेड गॅस्केट सिलिंडर आणि पुशरॉडच्या कप्प्यामध्ये फुटलंय का ते बघावं लागेल. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

हाताशी काम आहेच तर तेलही बदला. १.४ लिटर, उन्हाळ्यात एसएई ३०. प्लगचा गॅप ०.०३० इंच.

अवनी_एनजे

मग आता दुकानाला सांगायचं काम फक्त दोन ओळींचं राहिलं: डावा स्पिंडल बदलणे आणि चालनाचा पट्टा बदलणे. "मशीन चालत नाही, बघा" असं सांगून सोपवलं की तपासणीचे तास लागतात. भागांच्या नंबरांसह काम सांगितलं की ठरावीक रक्कम मागता येते. मोबाइल मेकॅनिकला हाच मजकूर फोटोसह पाठवा, दोन-तीन जणांकडून आकडा घ्या. चालनाच्या पट्ट्यासाठी आधी डेक काढावाच लागतो, त्यामुळे दोन्ही कामं एकाच फेरीत करून घ्या.

दादा_डेट्रॉइट

आकडे बघून मत बदलतो. एक स्पिंडल, एक पट्टा, गॅस्केट आणि तेल, सगळे भाग मिळून शंभर डॉलरच्या आगेमागे. एवढ्यात बदली मशीन मिळणार नाही. करून घ्या.

कावेरी_टेक्सास

स्पिंडलला घाबरू नका, पण आदल्या रात्री त्याच्या चारही बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, मेकॅनिक येणार असला तरी. हे बोल्ट डेकच्या पत्र्यातून स्पिंडलच्या ॲल्युमिनियमच्या घरात (हाउसिंगमध्ये) जातात आणि गंजलेले असले की डोकं तुटतं. नव्या स्पिंडलच्या भोकांना पुष्कळदा आटे पाडलेले नसतात. ते सदोष नाही; बोल्टच स्वतःचे आटे पाडत जातो. म्हणून नवे बोल्ट मागवा. पहिल्यांदा हाताने सरळ धरून, थेंबभर तेल लावून, अर्धा फेरा आत आणि पाव फेरा बाहेर असं करत बसवा. इम्पॅक्ट गनने एका दमात मारले तर घर चिरतं आणि पुन्हा नवा स्पिंडल.

पुलीचा वरचा नट काढण्याआधी पट्ट्याच्या मार्गाचा फोटो काढून ठेवा. आणि ब्लेड लावताना वळलेली पाती डेककडे वर हवीत.